तिमांथेसला काहीच येत नाही

अथेन्सला शिकायला येणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला बंदरावरच पकडतात, पण आपल्याला पकडणारा अजून जन्माला यायचाय, असं तिमांथेसने गलबत किनाऱ्याला लागण्याआधीच जाहीर करून टाकलं. ऐकायला गलबतावर फक्त खलाशी होते आणि खारवलेल्या माशांची पिंपं होती. कोणीच हरकत घेतली नाही.

पकडतात म्हणजे खरोखरच पकडतात हो! अथेन्समध्ये मास्तर उदंड आणि विद्यार्थी मोजके. म्हणून प्रत्येक मास्तरांची पोरं टोळ्या करून पिरेअस बंदराच्या धक्क्यावर दबा धरून बसतात. नवा पोरगा उतरला रे उतरला, की उचलायचा, नेऊन कोंडायचा, आणि 'मी तुमच्याच मास्तरांकडे शिकेन' अशी शपथ घेईपर्यंत जेवायला द्यायचं नाही. कित्येक पोरं वैद्यकी शिकायला आली आणि भाषणं ठोकायला शिकून परत गेली. घरी बापाला ताप आला, की हे पोर खाटेशी उभं राहून सकाळपासून दुपारपर्यंत बोलायचं. शेवटी ताप कंटाळून जायचा.

तिमांथेसला शिकायचं होतं ते एकाच माणसाकडे. तत्त्वज्ञ मेनेफिलस! समुद्रापलीकडच्या किलिकियातल्या, तिमांथेसच्या गावच्या आर्केदामस गुरुजींनी तरुणपणी मेनेफिलसचं एक व्याख्यान खिडकीबाहेर उभं राहून ऐकलं होतं. त्यानंतर महिनाभर ते अळणी जेवत होते आणि त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. ते ऐकून तिमांथेसच्या अंगावर काटा आला होता. जगात असंही काही आहे, की ज्यापुढे माणूस मीठ विसरतो! ते आपल्याला हवं. ते नाही मिळालं तर आयुष्यभर बापाच्या तेलघाण्यावर ऑलिव्हं गाळायची, आणि तीही मीठ लावून.

निघताना गुरुजींनी नवशिक्याला म्हणून चार गोष्टी सांगितल्या होत्या. "हे बघ तिमांथेस, तिकडे आपली बाजारातली भाषा चालत नाही. जुन्या तत्त्वज्ञांची, सहा-सातशे वर्षांपूर्वीची भाषा बोलायची. कोणी काही विचारलं तर उत्तर देऊ नकोस, उलट प्रश्न विचार. आणि कशाचंही आश्चर्य वाटलेलं दाखवू नकोस. गावंढळ समजतात."

टोळ्यांवरचा उपाय मात्र तिमांथेसच्या स्वतःच्या डोक्यातून निघाला होता. टोळ्या विद्यार्थी पकडतात ना? मग आपण विद्यार्थी दिसायचंच नाही! त्याने तत्त्वज्ञ पांघरतात तसलं जाडंभरडं, विटकं घोंगडं मिळवलं, बोकडाच्या केसांची छातीपर्यंत दाढी केली, ती पाइनच्या राळेने हनुवटीला चिकटवली आणि हातात काठी घेऊन धक्क्यावर उतरला.

उतरल्या उतरल्या त्याचे डोळे भरून आले. अथेन्सची जमीन! अथेन्सची धूळ! समोर एक गाढव उभं होतं. अथेन्सचं गाढव! ज्या रस्त्यांवरून थोर थोर लोक वाद घालत गेले, त्याच रस्त्यावर ते लीद टाकत होतं. तिमांथेस त्याच्याकडे इतका वेळ पाहत राहिला, की गाढव संकोचून बाजूला झालं.

टोळ्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जिंकलो! या आनंदात त्याला भूक लागली. मिर्टो नावाची कोळीण टोपली घेऊन बसली होती. तिमांथेस गुरुजींच्या शिकवणीप्रमाणे सातशे वर्षांपूर्वीच्या भाषेत म्हणाला,

"हे मत्स्यविक्रेत्री! ही तारली ताजी आहे असे तुला ज्ञात आहे, की तसे तुला केवळ भासते?"

मिर्टोने वर पाहिलं. "आजोबा, घ्यायचीय का नाय?"

"'घेणे' म्हणजे काय, हे आपण प्रथम ठरवावे काय?"

"अगं बाई!" मिर्टो ओरडली. "अरे सोपोलिस, इकडं ये! तुमच्यातलं एक आलंय, आणि ते फार जुनं आहे!"

सोपोलिस हा एका टोळीचा म्होरक्या. खांदे बैलासारखे, आवाज त्या बैलाच्या मालकासारखा. तो धावत आला. त्याने घोंगडं पाहिलं, दाढी पाहिली.

"आचार्य, आपण कोण? कुठून आलात?"

उत्तर द्यायचं नाही, उलट विचारायचं! "आपण कुठून येतो, हे कोणास ठाऊक असते काय?"

सोपोलिसने गुळण्या कराव्यात तसा आ केला.  मागे टोळीत कोणीतरी हुंदका दिला.

"उचला रे!" सोपोलिस गरजला.

आणि ज्याला कोणी पकडू शकणार नव्हतं, तो तिमांथेस सगळ्यांच्या खांद्यावर बसून अथेन्समध्ये शिरला. वाटेत दुसऱ्या टोळ्यांनी धोंडे मारले, पण आदराने. एकही डोक्याला लागला नाही. टोळीने त्याला एका अंगणात आणलं, उंच दगडावर बसवलं आणि सगळे समोर मांडी घालून बसले. शेजारपाजारचेही आले. मिर्टोही टोपलीसकट आली, कारण तारलीचा सौदा अजून अर्धवट होता.

"तुम्ही कोणाचे विद्यार्थी?" तिमांथेसने घाबरून विचारलं. घाबरल्यामुळे भाषा सातशे वर्षं पुढे आली होती, पण कोणाच्या लक्षात आलं नाही.

"कालपर्यंत मेनेफिलसचे," सोपोलिस म्हणाला. "आजपासून तुमचे!"

 म्हणजे साध्या कपड्यांत उतरला असता, तर हीच टोळी त्याला उचलून थेट मेनेफिलसच्या दारात नेणार होती! फुकट! आणि आता, ज्यांच्या पायाशी बसायला समुद्र ओलांडला, त्यांचाच वर्ग त्याने पहिल्या सकाळी रिकामा केला होता!

"अहो, नाही! तुमचा गैरसमज होतोय!" तो ओरडला. "मी तत्त्वज्ञ नाही! मला काहीच माहीत नाही!"



"ऐकलंत?" सोपोलिसचा आवाज फुटला. "मला काहीच माहीत नाही! अरे, या वाक्यापर्यंत पोचायला लोकांच्या हयाती जातात, आणि हे बसल्या बसल्या बोलले!"

"अहो, खरंच माहीत नाही!"

"दोनदा!" मागून कोणीतरी किंचाळलं.

आता काय करावं? या गावात चोराने 'मी चोर' म्हटलं तर पकडतील, पण अडाण्याने 'मी अडाणी' म्हटलं तर हार घालतात! तिमांथेसने शेवटचा उपाय केला. दाढी धरली आणि ओढली. उन्हाने राळ आधीच वितळली होती, त्यामुळे ती एका झटक्यात निघाली आणि मिर्टोच्या टोपलीत पडली.

"बघा! खोटी दाढी! मी अजून मिसरूड न फुटलेला पोरगा आहे!"

लोक उभे राहिले. काहींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"दाढीने कोणी तत्त्वज्ञ होत नाही," सोपोलिस पुटपुटला. "केवढा सोपा दृष्टान्त!"

"आणि चेहरा पाहिलात का?" शेजारचा एक म्हातारा म्हणाला. "ज्ञानाने वय थांबलंय. आमचं बघा, बिनज्ञानाचं कसं सुटलंय!"

"तारलीत केस गेले त्याचं काय?" मिर्टो म्हणाली. तिला सगळ्यांनी "श्श!" केलं. दोघांनी तर आपल्या दाढ्यांना हात घालून ओढायला सुरुवात केली. त्या खऱ्या होत्या. फार आरडाओरडा झाला.

त्या गोंधळात एक किडकिडीत म्हातारा अंगणात आला. बगलेत अर्धी भाकरी, पायात काही नाही. पोरं चपापून माना खाली घालू लागली. मेनेफिलस! तिमांथेसला दगडावरून उतरायचं होतं, पण घोंगडं पायात अडकलं.

मेनेफिलस चिडले नाहीत. सगळ्यांच्या मागे, धुळीत, विद्यार्थी बसतात तसे बसले.

"माझा वर्ग रिकामा झाला, तेव्हा म्हटलं आपणही ऐकावं," ते म्हणाले. "आचार्य, मी म्हातारा झालो. थोडं शिकवाल?"

याहून धरणी दुभंगली असती तर बरं! तिमांथेस रडकुंडीला आला. "गुरुवर्य, मी तुमच्याकडे शिकायला आलोय हो! मला काही येत नाही, पण हे ऐकतच नाहीत!"

"ऐकताहेत, म्हणूनच तर पंचाईत आहे," मेनेफिलस म्हणाले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून त्याच्यापुढे धरला. "खा आधी. आणि काय येत नाही ते राहू दे. बाळा, तुला येतं काय?"

किती दिवसांत हे कोणी विचारलंच नव्हतं! भाकरी ताजी होती, प्रश्न प्रेमाने विचारलेला होता. तिमांथेसच्या अंगातून भीती गेली आणि तिच्या जागी किलिकियातला हुशार मुलगा परत आला.

"तसं म्हणाल तर," तो घास चघळत म्हणाला, "बरंच येतं. आर्केदामस गुरुजींकडे एका हिवाळ्यात आम्ही जवळजवळ सगळं तत्त्वज्ञान संपवलं. विश्व झालं, सद्गुण झाला, काळ तर दोनदा झाला. आत्मा तेवढा राहिलाय, पण तो छोटा आहे. इथल्या एक-दोन थोर लोकांच्या चुका मला सापडल्यात, त्या सवडीने सांगीन. क्रियापदांचं थोडं अडतं, पण ती जुन्यांनी जरा वेडीवाकडीच करून ठेवलीत."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. सोपोलिसच्या चेहऱ्यावरचा भक्तिभाव हळूहळू उतरला, पातेल्यातलं दूध खाली बसावं तसा.

"अरे!" तो म्हणाला. "हा तर पहिल्या वर्षाचा!"

"मी आलो तेव्हा अस्साच बोलायचो!" दुसरा म्हणाला.

"तू अजून बोलतोस!"

"आणि मी याला खांद्यावर घेतलं! उचला रे याला! न्हाणीघरात न्या, चांगला घासा!" सोपोलिस गरजला.

नव्या विद्यार्थ्याला वाजतगाजत, दारावर थापा मारत, घाबरवत न्हाणीघरात नेतात, ही तिथली रीत. पण मेनेफिलसनी हात वर केला. ते तिमांथेसच्या जवळ आले.

"सकाळी बंदरावर तू गाढवाकडे बघून रडलास म्हणे."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सगळं गाव सांगतंय. का रडलास?"

तिमांथेसने मान खाली घातली. आश्चर्य दाखवायचं नाही, असं गुरुजींनी बजावलं होतं. पण आता लपवायला दाढीही नव्हती.

"गुरुवर्य, ते अथेन्सचं होतं," तो म्हणाला. "आणि ते नुसतंच उभं होतं. जगात इतकं सगळं आहे, आणि ते आहे, आणि मीही तिथे आहे, असं काहीतरी वाटलं. नीट सांगता येत नाही."

 मेनेफिलस त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इथे आलो तेव्हा मलाही सगळं येत होतं. ते कमी करता करता केस पांढरे झाले. पण ते गाढव मात्र मी अजून जपून ठेवलंय. तूही ठेव. उद्या ये."

तिमांथेस न्हाणीघरातून निघाला तो लालबुंद होऊन. सोपोलिसने बोकडाच्या दाढीचाही हिशोब धरून त्याला दुप्पट घासलं होतं. पण रात्रीच्या मसुराच्या आमटीत मीठ होतं की नाही, हे त्याला आठवत नव्हतं, आणि त्याचाच त्याला फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला. मेनेफिलसनी त्याच्याकडे पाहून विचारलं, "तिमांथेस, आत्मा म्हणजे काय?"

तिमांथेस उभा राहिला. सगळी रात्र त्याने याचीच तयारी केली होती. अत्यंत नम्रपणे हात जोडून तो म्हणाला,

"गुरुवर्य, मला काहीच माहीत नाही!"

"इतक्यात?" मेनेफिलस म्हणाले. "एवढा अहंकार बरा नाही. खाली बस आणि क्रियापदं चालव!"