एकोणीसवर दोन जास्त

यंदा कॉलनीच्या गणपतीतल्या मुलांच्या स्पर्धेत पहिला नंबर आपल्या इराचाच, हे आरतीनं शिरूर अनंतपाळला आईला फोन करून सांगूनही टाकलं. स्पर्धा अजून आठ दिवसांवर होती, पण ट्रॉफीसाठी टीव्हीशेजारची जागा पुसून तयार होती.

या घाईचं कारण समोरच्या घरात राहत होतं. शिवकन्याचा वरद, इराच्याच वर्गातला. गेल्या वर्षी या पोरानं स्टेजवर एकापुढे एक असे एकोणीस एक्के म्हणून दाखवले आणि वर ठणकावून सांगितलं, की ही मूळ संख्या आहे, हिला एक आणि ती स्वतः सोडून कुणाचाच भाग जात नाही. लातूरची माणसं ती. पोराच्या तोंडी गणित आलं की टाळ्या थांबतात होय! तेव्हापासून शिवकन्या कोथिंबीर घेतानासुद्धा मूळ संख्येच्या आईसारखी उभी राहायची. आणि आरतीच्या पोटात जे पेटलं होतं, त्यावर अख्ख्या कॉलनीचा महाप्रसाद शिजला असता.

उपाय सोपा होता. एकोणीसवर दोन वाढवायचे. बाप्पाला दूर्वा एकवीस, मोदक एकवीस. मग एक्केही एकवीस. बाप्पाच्या आकड्याला भाग देणार कोण?

नवरा सुदर्शन म्हणाला, कुण्या सरांना विचारून तरी घे. विचारलं की शिवकन्याला कळणार, एवढं साधं त्याला समजत नव्हतं. इरानंही पहिल्याच दिवशी "मम्मी, पण याच्यात ना..." असं सुरू केलं, तेव्हा आरतीनं तिला दूध प्यायला लावलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा दूध.

स्पर्धेत इरानं एकवीसच्या एकवीस एक्के बिनचूक म्हटले. आरती पदराआड बोटं मोजत होती. शिवकन्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तेवढ्यात परीक्षक रेणुकादास सरांनी विचारलं, "बेटा, मग हीसुद्धा मूळ संख्या का?"

"नाही सर. सगळे आकडे मिळवले की एकवीस येतात. एकवीसला तीननं भाग जातो, म्हणून हिलाही जातो. मी मम्मीला सांगून राहिले होते, पण ती दूधच देऊन राहिली."

मांडव हसून लोळला. आरतीला खुर्चीखाली जागा दिसेना. सरांनी मात्र इराची पाठ थोपटली. पोरीनं नुसतं पाठ केलं नाही, पडताळून बघितलं, असं म्हणत पहिला नंबर तिलाच दिला.

शिवकन्या जवळ आली. "आरतीताई, इराला शिकवणी कुणाची हो?"

तो आवाज आरतीच्या चांगलाच ओळखीचा होता. वर्षभर तिनं स्वतः वापरलेला.

"घरीच. मीच घेते अभ्यास."

"हाव काकू," ट्रॉफी काखेत मारून इरा म्हणाली, "मम्मी चुकीचं सांगते, मग मी बरोबर शोधून काढते."

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या खिडकीतून शिवकन्याचा खणखणीत आवाज आला. "वरद, म्हण. सात आठे चोपन्न."

आरतीनं कणकेचे हात तसेच ठेवून हाक मारली, "इरा, इकडं ये. सात नवे सत्तर."