पत्ता अपुरा

दाराची बेल वाजली आणि आतून "कोण?" असं विचारलं की माणसं "मी" म्हणतात. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले खैरनारकाका म्हणतात, "खैरनार, दामोदर शंकर, फ्लॅट नंबर आठ, दुसरा मजला, बी विंग." दोन दारांमध्ये चार पावलांचं अंतर आहे. एकदा माझे हात कणकेचे होते, दार उघडायला जरा वेळ लागला, तर तेवढ्यात त्यांनी पिनकोडही सांगून टाकला.

काका मूळचे सटाण्याकडचे. सगळी नोकरी टपालाच्या डब्यात गेली. धावत्या रेल्वेत उभं राहून पत्रं ज्या त्या खणात टाकायची, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन नाशिकरोडला घर घेतलं, पण खण काही सुटले नाहीत. हॉलमध्ये भिंतभर लाकडी खणांचं कपाट आहे आणि प्रत्येक खणावर गावाचं नाव. मोजे धुळ्यात, चष्मा जळगावात, किल्ल्या मनमाडला. पहिल्यांदा काकू मला म्हणाल्या, "मेडिकलमध्ये जातेस का गं, मालेगाव रिकामं झालंय," तेव्हा मी नुसती बघत राहिले. मालेगावात काकांच्या बीपीच्या गोळ्या असतात.

त्यांची दोन वाक्यं आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना पाठ आहेत. एक, "पत्ता पूर्ण पाहिजे." दुसरं, "गाडी कुणासाठी थांबत नाही." सोसायटीची मीटिंग दहाची असेल तर दहाच्या ठोक्याला ते रिकाम्या खुर्च्यांसमोर मागच्या मीटिंगचा वृत्तान्त वाचायला लागतात. एकदा मी त्यांना माझ्या गाडीतून बाजारात न्यायचं कबूल केलं होतं. गॅस बंद केला का ते बघायला मी परत वर गेले आणि खाली आले तर काका रिक्षात बसून गेलेलेसुद्धा. गाडी माझी, आणि चुकली तीही माझीच.

मी शाळेत इतिहास शिकवते. पण माझ्या घरी प्रिंटर आहे, त्यामुळे कॉम्प्युटरचं काहीही बिघडलं की बिल्डिंग माझ्याकडे येते. अशाच एका शनिवारी दुपारी बेल वाजली. मी आतून विचारलं, "कोण?"

"मी," बाहेरून आवाज आला.

दार उघडलं तर खैरनारकाका. मला वाटलं, काकूंना काहीतरी झालं.

"वैशालीताई, माझं टपाल अडकलंय," ते म्हणाले. "तीन आठवडे झाले. माझं जात नाही, तिकडचं येत नाही."

टपाल म्हणजे क्लाउडवरचं फोल्डर. आपल्या कॉम्प्युटरवर त्यात काही टाकलं की ते वर जातं आणि ज्याच्याबरोबर फोल्डर वाटून घेतलंय त्याच्या कॉम्प्युटरवर उतरतं. काकांच्या पुतणीने घरातले जुने फोटो एकत्र राहावेत म्हणून ते करून दिलं होतं. त्यांच्या घरी जाऊन बघितलं, तर त्यात आता सगळीकडे लाल फुल्या दिसत होत्या. मी माझे नेहमीचे उपाय केले. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, वायफायचा डबा बंद करून चालू केला, पासवर्ड परत टाकून पाहिला, जागा शिल्लक आहे ना ते बघितलं. मला येतं ते एवढंच, आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतंही. फुल्या हलल्या नाहीत.

मग मी ते फोल्डर नीट उघडून पाहिलं. पहिल्या फोल्डरचं नाव "भारत". त्यात "महाराष्ट्र राज्य". त्यात "नाशिक महसूल विभाग". त्यात "नाशिक जिल्हा". मग तालुका, मग पोस्ट ऑफिस, मग सोसायटीचं अख्खं नाव, विंग, मजला, फ्लॅट, हॉल, कपाट, आणि सगळ्यात तळाशी "जुने फोटो, मूळ प्रती, हाताळताना काळजी घ्यावी". क्लिक करून करून माझं बोट दुखायला लागलं.

"आधी एवढं नव्हतं," काका म्हणाले. "भारत आणि विभाग राहून गेले होते. मागच्या महिन्यात घातले."

लाल फुलीवर बाण नेला तर बारीक अक्षरांत लिहून आलं, मार्ग फार लांब आहे. वरपासून खालपर्यंत सगळ्या नावांची अक्षरं मिळून कॉम्प्युटर मोजतो, आणि एका मर्यादेपलीकडे घेत नाही.

"काका, पत्ता जास्त झालाय."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "पत्ता अपुरा असतो. जास्त कसा होईल?"

"होतो. यातली नावं कमी करावी लागतील."

"नाव कमी केलं की टपाल भलत्याच गावाला जातं, ताई. चाळीस वर्षं बघितलंय मी."

अर्धा तास आमची हुज्जत चालली. मी म्हणाले, निदान महसूल विभाग काढू. ते म्हणाले, मग जिल्हा लोंबकळत राहील. शेवटी माझा पारा चढला आणि मी म्हणाले, "मग राहू द्या तसंच. जुने फोटोच आहेत ना, कुठे पळून जातायत." काकूंनी मला चहाच्या निमित्ताने आत बोलावलं.

"फोटोंसाठी नाही गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तिकडे बाळूभाऊजी आहेत. यांचा धाकटा भाऊ. रेल्वेत होते, इगतपुरीला असतात. आमच्या सासूबाई गेल्या इथेच. भाऊजी गाडीने येत होते, तर वाटेत पुढे मालगाडी बंद पडलेली. फोन आला, थोडं थांबा म्हणून. सगळे थांबायला तयार होते. हे म्हणाले, गाडी कुणासाठी थांबत नाही." काकूंनी गॅस बारीक केला. "भाऊजी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. आईचं तोंड बघायला मिळालं नाही त्यांना. नऊ वर्षं झाली, दोघं बोलत नाहीत. हे फोल्डर तेवढं आहे."

मला माझ्या बोलण्याची लाज वाटली.

बाहेर येऊन मी त्या फाईलींची नावं पहिल्यांदाच वाचली. काकांची एक होती, "आई, डावीकडून दुसरी, हातात काळी छत्री, बाळूचा जन्म व्हायचा होता". तिच्याखाली इगतपुरीहून आलेला फोटो, "छत्री निळी होती, आई सांगायची". मग काकांची, "आत्याच्या लग्नात बाळू मांडवात हरवला तो दिवस". आणि उत्तर, "हरवलो नव्हतो, झोपलो होतो". खाली खाली अशी कितीतरी नावं होती. दोन म्हातारे भाऊ फाईलींच्या नावांतून एकमेकांशी बोलत होते, आणि तीन आठवड्यांपूर्वी भारत आणि विभाग मध्ये आल्यामुळे ते बोलणं बंद पडलं होतं.

मी खुर्ची जवळ ओढली. "काका, हे फोल्डर आपण सगळ्यांतून बाहेर काढून वर ठेवू. एकच नाव द्या. भाऊजींना ओळखू येईल असं."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग एका बोटाने टाईप केलं, "बाळू".

"एवढ्याने पोचेल?"

"पोचेल."

लाल फुल्या गेल्या आणि दोन गोल फिरणारे बाण आले. नेट रडतखडत चाललं होतं. घड्याळात चार वाजले. चारला काका फिरायला निघतात, आणि त्यांना जिन्यात बघून लोक दूध तापत ठेवतात. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि फिरायला जायला घातलेले बूट काढून खुर्चीखाली सारले.

तिकडचं टपाल उतरायला लागलं. तीन आठवड्यांत तीन फाईली आल्या होत्या. पहिलीचं नाव, "आजोळची विहीर". दुसरीचं, "तुझा फोटो आला नाही". तिसरी विहीरच होती, तोच फोटो परत पाठवलेला. नाव फक्त बदललेलं होतं, "दादा बरा शे ना". प्रश्नचिन्ह नव्हतं. फाईलच्या नावात कॉम्प्युटर प्रश्नचिन्ह घेतच नाही.

इतक्या वर्षांत काकांच्या तोंडून अहिराणीचा एक शब्द मी ऐकला नव्हता. त्यांनी ते नाव दोनदा, ओठ हलवत वाचलं. डोळे पुसायला रुमाल हवा होता, तो भुसावळला होता, म्हणून काकूंनी पदर पुढे केला.

काकांचाही एक फोटो इकडे अडकून होता. सटाण्याचा एसटी स्टँड, आईच्या कडेवर बाळू, पदर धरून उभा लहानगा दामू. त्याचं नाव भलंमोठं होतं, कोणता फलाट, कोणती गाडी, सगळं. काकांनी एकेक अक्षर खोडलं, पार शेवटपर्यंत. मग त्या रिकाम्या चौकटीत सावकाश लिहिलं:

"बरा शे. रविवारले ये. मी थांबस."

मला अहिराणी येत नाही, पण एवढी कळली.