बातमीकडे पाठ

आमच्या मजल्यावरचे म्हात्रेकाका कुठल्याही तमाशाकडे पाठ करून उभे राहतात. सोसायटीत पार्किंगवरून दोघांनी एकमेकांची कॉलर धरली, की सगळे तिकडे बघतात. काका मात्र आमच्याकडे तोंड करून सांगतात, "परिस्थिती तणावपूर्ण आहे, पण नियंत्रणात." तळवलीला पुतण्याच्या हळदीतही ते नवरदेवाकडे पाठ करून उभे होते. निम्मी हळद त्यांच्याच मानेला लागली.

त्यांचा तरी काय दोष? टीव्हीसाठी लढायांच्या बातम्या देण्यात त्यांचा जन्म गेला. मागे धूर, पुढे कॅमेरा.

"मग लढाई कधी बघितलीत?" मी एकदा विचारलं.

"हॉटेलात, टीव्हीवर," ते म्हणाले.

काका लढाईवर गेले, की त्यांची आई टीव्हीपुढे ठाण मांडायची. मुलगा पडद्यावर दिसला, की मगच ताट ओढायची. आता तिची स्मरणशक्ती गेलीय. घरातला हा पांढऱ्या दाढीचा माणूस तिला कोणी पाहुणा वाटतो आणि तिच्या लेखी मुलगा अजून लढाईवरच आहे. तो दिसल्याशिवाय ती घास घेत नाही. काकांनी जुन्या बातम्या लावून पाहिल्या, पण त्यांतले स्फोट ऐकून तिचा घोर आणखी वाढला. अशीच उपाशी राहिली तर ॲडमिट करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

परवा दुपारी काकांनी मला बोलावून घेतलं आणि हातात मोबाइल दिला. "तू कॅमेरामन. मी बाहेरच्या टीव्हीवर दिसेन असं जोडलंय."

आतल्या खोलीत जुनं खिशाखिशांचं जाकीट घालून ते कपाटाकडे पाठ करून उभे राहिले. रोजचे ऐटबाज शब्द काही केल्या येईनात. शेवटी कसंबसं म्हणाले, "आये, मी बरा हाय. आत्ताच जेवलो. तू पन जेव."

बाहेरून आवाज आला, "आला गो माजा पोर."

काकांनी घाईघाईने जाकीट काढलं आणि बाहेर जाऊन तिच्यापुढे ताट धरलं. ती भात-कालवण पोटभर जेवली.

हात धुऊन झाल्यावर तिने काकांकडे मायेने पाहिलं. "माजा पोर जेवला," ती म्हणाली. "आता तू पन घरी जा, बाबा. तुजी आय उपाशी बसली असंल."