हेमंतचं ‘आणि’

आमच्या वरच्या मजल्यावरचा हेमंत टाळी चुकीच्या जागी वाजवतो. चुकून नाय, मुद्दाम. गणपतीच्या आरतीला अख्खी सोसायटी एका ठोक्यावर टाळी देते. सगळ्यांचे हात उघडे असतात तेव्हा हा एकटाच फटकन वाजवतो. एकदा त्याच्यामुळे चेअरमनच्या हातातली घंटा भरकटली आणि आरती कुठल्या कडव्यावर होती ते कोणालाच कळेना. तेव्हापासून आरतीला त्याच्या हातात प्रसादाचं ताट देतात. हात गुंतलेले बरे.

मी विचारलं, तर म्हणाला, “काका, ‘एक’वर सगळेच वाजवतात. मजा ‘आणि’त आहे.”

“कुठल्या आणीत?”

“एक आणि दोन आणि. ते मधलं ‘आणि’.”

एरवीही त्याचं हेच चालू. खाली भाजीवाली ओरडते, “मेथीऽ, शेपूऽ”, आणि मधल्या जागेत हा गॅलरीतून “हा!” म्हणतो. तिनं दोनदा शिव्या घातल्या. आता त्याच्यासाठी थांबते.

मी तांबट, तांब्याची भांडी घडवायचो. शाळा चौथीपर्यंत, पुढचं हातोड्यानं शिकवलं. गुडघे गेले तेव्हा जुन्या नाशकातलं दुकान बंद केलं आणि इथं गंगापूर रोडला आलो. हेमंत पहिल्यांदा दिसला तेव्हा चाळिशीचा बाप्या, डोक्यावर हिरव्या रंगवलेल्या केसांचा तुरा, पुढून टक्कल पडल्यामुळे मागं सरकलेला. बनियनवर मोठ्या अक्षरात ‘गंज’. मला बरं वाटलं. म्हटलं, आपल्या धंद्यातला दिसतोय.

“किती शेराचा?” मी विचारलं.

“काय?”

“गंज. दुधाचा का पाण्याचा?”

तो जिन्यातच बसून हसला. गंज हे त्याच्या बॅन्डचं नाव. भांडं नाय, लोखंडाला चढतो तो. चौघं मिळून पंक गायचे, म्हणजे ओरडायचे. मी म्हटलं, तांब्याला गंज चढत नाय, कळंक चढतो. चांगलं नाव वाया घालवलंत.

पुढं चौघांतला एक कॅनडाला गेला, एक पुण्याला. तिसऱ्यानं लग्न केलं आणि ड्रम विकले. हेमंत पोटापाण्यासाठी लग्नात स्पीकर लावायला लागला. आणि मग म्हणाला, मी सोलो अल्बम करणार, रेगे आणि स्का. रेगे मला आडनाव वाटलं. पण वरून गिटार ऐकू यायला लागली तेव्हा कळलं, ही सगळी गाणी त्याच्या ‘आणि’वर उभी होती. झक्, झक्, प्रत्येक ठोक्याच्या मधल्या जागेत.

माझ्या बायकोला, सुमनला, ते आवडायचं. थालीपीठ वर पाठवताना ती म्हणायची, “ओरडायचा ते बरं होतं का? आता निदान मान तरी हलते.” गेल्या वर्षी ती गेली. मी हातोडा पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकला.

चार महिन्यांपूर्वी हेमंत खाली आला. “काका, शेवटचं गाणं अडलंय. नऊ झालीत, हे दहावं. त्यात तांब्याचा आवाज पाहिजे. कॉम्प्युटरमधला लावून बघितला, डबा वाजल्यासारखा वाटतो.”

“मी सोडलंय ते.”

“माहितीये. मला पण सगळ्यांनी सोडलंय. या ना.”

असलं बोलतो. नाय कसं म्हणणार? माळ्यावरून हातोडा काढला, घरातला जुना हंडा घेतला, वर गेलो. त्यानं भिंतींना गाद्या लावल्या होत्या, समोर माइक.

“‘आणि’वर मारायचं काका. एक आणि दोन आणि.”

मी मारलं. ‘एक’वर पडलं. परत मारलं. परत ‘एक’वर. अकरा वेळा तेच. हात ‘आणि’वर उचलायचा, पण खाली येईना. घाम फुटला. हेमंत चिडला नाय. इतकंच म्हणाला, “काका, ‘आणि’ला तुम्ही हात आखडून घेताय.”

“मग काय करू? तिचा हात असतो तिथं.”

तोंडातून निघून गेलं. मग सांगावंच लागलं. मोठा हंडा एकट्याला ठोकून मठारता येत नाय. हातोडा माझा, हंडा सुमन फिरवायची. मी ठोकलं, की तिनं बोटभर फिरवायचा, मग परत मी. एकेचाळीस वर्षं. मधल्या जागेत मारलं असतं तर बोटं गेली असती तिची.

हेमंत उठला. माइक बंद केला, चहा टाकला. चहा घेऊन मी खाली आलो. गाणं बुडालं असंच मला वाटलं.

परवा त्यानं बोलावलं. “झालं काका, दहावं.” लावलं. आधी सगळं त्याचं नेहमीचं, झक्, झक्. मग मध्येच गिटार थांबली, आणि माझा ठोका आला. मीच टाकलेला, ‘एक’वरचा. त्याच्यापुढं काहीच नाय. परत ठोका. परत रिकामं. ज्या जागेपायी ह्या माणसानं आरतीतली टाळी घालवली, ती जागा त्यानं मोकळी सोडली होती.

“इथं काय घातलं नाहीस?”

“नाही,” तो गिटारच्या तारा पुसत म्हणाला. “इथं काकू हंडा फिरवतायत.”

गाणं संपल्यावर मी म्हटलं, “ती सावकाश फिरवायची. जागा अजून थोडी मोठी ठेव.”

“ठेवतो,” म्हणाला.