पल्लवीचा ‘थम’

"पल्लवीच्या आदेशाशिवाय थांबायचं नाही, म्हणजे नाही!" माया मॅडमनी सातवीच्या मुलींना महिनाभर हेच शिकवलं होतं, आणि पंधरा ऑगस्टच्या संचलनात इस्लामपुरात मुलींनी ते पाळून दाखवलं.

तुकडीच्या पुढे गटप्रमुख पल्लवी. तिच्या ‘तेज चल’नं मैदान दणाणलं. पाहुण्यांसमोरचं ‘दाहिने देख’ जरा चिरकलं. मंच ओलांडल्यावर ‘थम’ म्हणायला तिनं तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर आली. महिनाभर ओरडून घसा पार बसला होता. मुली चालतच राहिल्या. शाळेचं फाटक उघडं होतं. तुकडी थेट रस्त्यावर!

"थम! थम!" ओरडत मॅडम मागे धावल्या. कोणी थांबेना.

"अगं, मी सांगतेय ना!"

"मॅडम, तुमीच म्हनलासा न्हवं, पल्लवीबिगर कुनाचं ऐकायचं न्हाई!" मागच्या रांगेतली श्रद्धा मान न वळवता म्हणाली.

मॅडमच्या चपलेचा अंगठा तुटला. ती हातात घेऊन त्या पळू लागल्या. लाजेनं कान तापले होते. चौकात समोरून एस.टी. आली. ड्रायव्हर तानाजीनं ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून ताठ उभा राहिला. रिक्षा थांबल्या. भाजीवाली तानुबाई कोथिंबिरीची पेंडी हातात धरून उठली.

"आवं, गप ऱ्हावा की जरा! पोरी निगाल्यात," तिनं गिऱ्हाइकाला दटावलं.

सगळा गलका थांबला आणि मॅडमना ते ऐकू आलं. सरावात एकदाही न जमलेलं पाऊल इथं एकदम पडत होतं. डांबरी रस्ता वाजत होता. त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. ओरडायचं त्या विसरल्या. पाय आपोआप तालात पडू लागले. मागे पाहतात तर पालक, शिक्षक आणि फेटा सावरत पाहुणे आदगोंडा पाटीलसुद्धा रांगेत! त्या सगळ्यांना वाटलं, हे कार्यक्रमातलंच असणार.

भर बाजारात पल्लवीनं आवंढा गिळला, होता नव्हता तेवढा जीव गोळा केला.

"थम!"

चिमणीएवढा आवाज. पण खाड्‌कन मुली थांबल्या. मागचे पाहुणे थांबले. अख्खा बाजार थांबला. एवढं मोठं गाव इतकं शांत मॅडमनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

बऱ्याच वेळानं मागून दबका आवाज आला, "मॅडम, आता हललं तर चालंल का?"

मॅडमनी पल्लवीकडे पाहिलं. तिनं घशाला हात लावून हताशपणे मान हलवली.

"दम धरा, पाटीलसाहेब," मॅडम समोर नजर ठेवून म्हणाल्या. "तिनं अजून ‘विश्राम’ म्हटलेलं नाही."