शक्यतो विझवू

युरोपवन नावाच्या एका जंगलात, मुलांनो, थंडी फार. म्हणून प्रत्येक मोठ्या प्राण्याची आपापली शेकोटी होती. अस्वल कोळसा जाळायचं. लांडगा नदीपलीकडच्या तरसाकडून तेल आणायचा आणि वर त्यालाच शिव्या घालायचा. राजहंसाच्या तळ्यावर वारा भरपूर. त्यावर त्याची पवनचक्की फुकट फिरायची, म्हणून त्याला उपदेशाला वेळ असे.

धूर मात्र सगळ्यांचा एकत्रच वर जायचा. वर ओकच्या झाडावर खारीची पिल्लं खोकत होती.

"शेकोट्या विझवा हो," खार रडकुंडीला येऊन म्हणाली. "धाकट्याला श्वास घेववत नाही."

सगळे हळहळले. हळहळायला सरपण लागत नाही. लगेच सभा ठरली. सभेला ऊब हवी, म्हणून ओकखालीच मोठी शेकोटी पेटवली.

"तुला मत नाही बरं का," राजहंस खारीला म्हणाला. "ज्याची शेकोटी, त्याचं मत."

ठराव साधा होता: 'सर्वांनी शेकोट्या विझवाव्यात.'

"आधी लांडग्याने," अस्वल म्हणालं.

"आधी अस्वलाने. त्याचा धूर काळा," लांडगा म्हणाला.

"एकमत हवं," राजहंस म्हणाला. हा शब्द उच्चारताना त्याची मान आणखी लांब व्हायची.

बरंच भांडून झाल्यावर त्यानेच एक शब्द सुचवला: 'शक्यतो'. शेकोट्या शक्यतो विझवाव्यात. सगळ्यांचे चेहरे उजळले. तुमचे बाबा हा शब्द घरी रोज वापरतात. थोरांना त्यासाठी परिषद भरवावी लागते.

मग 'शक्यतो' आधी घालायचा की नंतर, यावर पुन्हा जुंपली. तेवढ्यात सरपण संपलं. थंडीने सभा मोडली तर जंगलाचं कसं होणार? सगळ्यांनी वर पाहिलं.

"माझं झाड तोडू नका!" खार किंचाळली.

"शक्यतो नाही तोडणार," अस्वल म्हणालं आणि त्याने कुऱ्हाड उचलली.

ओक छान पेटला. ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्यांच्या कडकडाटात पिल्लांचा खोकला कुणालाही ऐकू आला नाही.

खार पिल्लांना पोटाशी धरून बर्फात बसली होती. तिने आपल्याच झाडाच्या चार ढलप्या गोळा केल्या.

"एवढ्या पेटवू का हो? धाकटा गारठलाय."

"नवी शेकोटी?" राजहंस दचकला. "अगं, आत्ताच ठराव झाला ना!"

तात्पर्य: एकीचे बळ फार मोठे. जे झाड तोडायची एकट्याला लाज वाटते, ते सगळ्यांना मिळून सहज तोडता येते. म्हणून मुलांनो, सदैव एकजुटीने राहावे. झाडावर शक्यतो राहू नये.