वैजनाथअप्पांच्या खुंट्या

तुमच्या घरात तुमच्या आधी कोण राहत होतं, सांगता येईल? राजांच्या सात पिढ्या आपण घडाघडा म्हणतो, पण स्वतःच्या भिंतीबद्दल कुणी विचारलं की गप्प!

आमचे शेजारी वैजनाथअप्पा मात्र स्वतःच्याच रिकाम्या घराची कडी वाजवून आत जायचे. मी हसलो की म्हणायचे, "रिकामं तुला दिसायलंय. आत मान्सं हायत."

सोनपेठच्या अलीकडचं आमचं गाव. अप्पा समोर पुतण्याकडे राहतात आणि हे घर भाड्याने देतात. अट एकच, खुंटी काढायची नाही. प्रत्येक खुंटीला धनी आहे, कधीकाळी इथं राहिलेला. दाराजवळची मुक्कामी एसटीच्या कंडक्टरची. खिडकीपाशी गफूर टेलरची. मधली मास्तरांची, तिच्यावर सदरा कमी आणि छडीच जास्त असायची.

नवा भाडेकरू आला की चहाच्या आधी हा गोतावळा. "बसा, वळख करून देतो!" मागचा औषधदुकानवाला आठवड्यात सामान उचलताना म्हणाला, "अप्पा, एवढ्या लोकांत आमी कुठं मावावं?"

तेव्हापासून कुलूप. पुतण्याने बजावलं, "दिवाळीपर्यंत कुणी आलं न्हाई तर पाडून गाळे काढतो." माणसांच्या इतिहासावर गाळे! मी निषेधसभा घ्यायला निघालो. अप्पा म्हणाले, "सभा नगं बाबा, भाडेकरू आण."

दिवाळीच्या तोंडावर आरोग्य केंद्रात नव्या सिस्टर आल्या. मी त्यांना घर दाखवायला नेलं. अप्पा लगेच सुरू. मी मागून खुणावत होतो, आवरा आता. सिस्टरनी सगळं ऐकलं आणि हातभर खालच्या एका खुंटीकडे बोट दाखवलं.

"आणि ही कुणा लेकराची?"

अप्पांनी त्या खुंटीवरून हात फिरवला. ही खुंटी त्यांनी मलाही कधी सांगितली नव्हती.

"आमच्या मंडळीची," ते हळूच म्हणाले. "वर हात पुरत नव्हता तिचा. लय चिडवायचो. मग एक दिवस गुमान खाली ठोकून दिली. ती गेली आन् मला एकट्याला हितं राहवंना. पन सांच्याला घरात दिवा लागावा वाटतंय."

सिस्टरही बुटक्याच. त्यांनी खांद्यावरची पिशवी त्याच खुंटीला अडकवली आणि विचारलं, "अप्पा, चूल कुठं मांडायची?"

अप्पा अजून कडी वाजवतात. आता आतून "या अप्पा" ऐकू येतं.

तुम्हीही आज एवढं कराच. घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला एखाद्या खुंटीकडे बोट दाखवून विचारा, "ही कुणाची?" आणि त्यांचं सांगून होईपर्यंत उठू नका.